घरच्या अंगणात कमानपाटे : तीन रविवारांचा हिशेब

कुटुंबाच्या पानावर नट-बोल्टचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण ज्या घराच्या दारात जुनी गाडी उभी असते, त्या घराला गाडीचे दुखणे हे घरातल्या माणसाच्या दुखण्यासारखेच असते. आमच्याकडे तर ही दोन्ही दुखणी एकमेकांत गुंतली होती. म्हणून हा अनुभव आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या मातोश्री सत्तरी ओलांडलेल्या. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी त्यांना जालन्याला न्यावे लागते. आमचे गाव भोकरदन तालुक्यात, राजूरच्या पलीकडे. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत काळ्या मातीचा गावरस्ता. दारात महिंद्राची कमांडर जीप आहे, १९९९ सालची, मेव्हण्यांकडून घेतलेली. एके काळी याच जातीच्या काळ्या-पिवळ्या जिपांनी जालना, अंबड, परतूर, मंठा, भोकरदन या रस्त्यांवर माणसे वाहिली. आत दाटीवाटीने दहा-बारा, मागे लटकलेले तीन-चार आणि टपावर गाठोडी. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना जिपेचे हादरे नवे नाहीत.

पण तरुणपणी सोसलेला हादरा वेगळा आणि डायलिसिस करून परतणाऱ्या म्हातारीला बसणारा हादरा वेगळा. चार तास मशीनला लागून बाहेर पडलेले माणूस पिळून टाकलेल्या कपड्यासारखे होते. आमची जीप उजवीकडे कलली होती. लहानशा खड्ड्यातही मागून ‘धाड’ असा आवाज यायचा आणि तो थेट पाठीच्या कण्यात उतरायचा. आई कुरकुर करणाऱ्यांपैकी नाही. एके दिवशी मात्र ती शांतपणे म्हणाली, “खड्डा आला की आधी सांगत जा रे, म्हणजे मी दात आवळून धरते.”

त्या वाक्याने आम्हाला रात्रभर झोप आली नाही.

तसे आम्ही गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली होती. मागच्या उजव्या बाजूचा एक पाटा तुटला आहे, असे निदान झाले. त्यांनी तो वेल्डिंग करून जोडून दिला आणि पैसे घेतले. तीन आठवड्यांच्या आत तोच पाटा, वेल्डिंगच्या जोडाला लागूनच, पुन्हा तुटला. दुसरीकडे विचारले तर मागचे दोन्ही सेट नवे टाकायला सांगितले. आम्ही कचेरीतले कारकून. औषधपाण्याचा खर्च भागवून ती रक्कम उभी करणे त्या महिन्यात शक्य नव्हते.

आमची धाकटी मुलगी बारावी विज्ञानाला आहे. ती जिपेखाली वाकून बघत म्हणाली, “पप्पा, यात इंजिन कुठंय? नुसत्या पट्ट्या आन् नट-बोल्टच तर आहेत. आपण खोलून बघू की.” तिचा भाऊ लगेच तयार झाला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आजवर सायकलचे पंक्चरसुद्धा दुसऱ्याकडून काढून घेतलेले. तरी होय म्हणालो.

कमानपाटे काम कसे करतात?

खोलण्याआधी वस्तू समजून घ्यावी, हे बरे. रस्त्याचा धक्का चाकाला बसतो. तो जसाच्या तसा गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसिसला, पोचू नये म्हणून मध्ये लवचीक वस्तू लागते. जुन्या जिपांमध्ये हे काम कमानपाटे करतात. ही कल्पना मोटारीहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्लंडात घोड्याच्या बग्ग्यांना अशा कमानी बसू लागल्या. आपल्याकडच्या टांग्यालाही त्या होत्या. बैलगाडीला नव्हत्या, म्हणून बैलगाडीत बाळंतिणीला नेताना खाली कडबा आणि वाकळा घालाव्या लागत.

एकावर एक ठेवलेले पोलादी पाटे, सर्वांत लांब मुख्य पाटा आणि पुढे उतरत्या लांबीचे बाकीचे. आमच्या गाडीला मागे एका बाजूला सात आहेत. मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळवून ‘डोळे’ केलेले असतात. त्यांत रबरी बुश बसतात. एक डोळा चेसिसला पक्का अडकवतात. दुसरा मात्र शॅकल नावाच्या हलत्या दुव्याला टांगतात. कारण साधे आहे. वजन पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते. दोन्ही टोके पक्की बांधली तर ती वाढायची कुठे? शॅकल झोपाळ्यासारखा मागे सरकतो आणि कमानीला जागा देतो.

सर्व पाटे मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेले असतात. त्या बोल्टचे डोके मागच्या हाउसिंगवरच्या खाचेत बसते आणि दोन यू-बोल्ट सगळे एकत्र आवळून धरतात. सेंटर बोल्ट तुटला तर हाउसिंग जागचे सरकते आणि गाडी तिरपी चालू लागते. रस्त्यावर एखादी जीप खेकड्यासारखी चालताना दिसली तर तिथे पाहावे.

पाटे दबून सुटले की वर-खाली उड्या मारत राहतील. त्या उड्या मारण्याचे काम शॉकअपचे. आत तेल असते, ते बारीक छिद्रांतून जाताना अडते आणि हेलकावा मुरतो. शॉकअप गेला की नाही हे घरीच कळते. गाडीचा कोपरा जोराने दाबून सोडावा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक. झोके घेत राहिला, किंवा शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलेले दिसले, तर तो संपला. बदलताना मात्र एका बाजूचा बदलू नये, जोडीने बदलावेत.

पहिला रविवार

पहिल्याच रविवारी आम्हाला जो धडा मिळाला तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्या अंगणात फरशी नाही, काळी माती आहे. ही माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि वजनाखाली दबते. याच मातीमुळे आमच्याकडचे रस्ते दर पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, तो आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर गाडी पाण्यावरून जावी तशी जाते. पण आईला महामार्गावर पोचवायला आधी गावरस्ता ओलांडावाच लागतो.

तर, जॅक लावून आम्ही गाडी उचलली. जॅकखाली एक पातळ फळी ठेवली होती. मुलगा आत सरकणार तोच मुलीने त्याला हाताला धरून ओढले. तिने कुठूनसे वाचून वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवले होते : ‘नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही.’ दोघांची बाचाबाची सुरू असताना फळी मोडली, जॅक मातीत रुतून तिरका झाला आणि गाडीचा मागचा भाग धपकन खाली बसला. खाली कोणी नव्हते. आमच्या अंगाला मात्र घाम फुटला. आई ओसरीवरून सगळे पाहत होती. ती फक्त एवढेच म्हणाली, “माझ्यासाठी लेकरू नका घालू गाडीखाली.”

त्या दिवशी काम तिथेच थांबवले. पुढच्या खेपेस जॅकखाली रुंद शहाबादी फरशी आणि तीवर जाड लाकडी ठोकळा घेतला. शेजारच्या गावातून लोखंडी घोड्या भाड्याने आणल्या आणि चेसिस त्यांवर टेकवला. मग हाउसिंगखाली जॅक वेगळा लावला. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची ओट दिली. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे कधीही वापरू नयेत, ते न सांगता फुटतात. हँडब्रेकवरही विसंबू नये. काही जुन्या जिपांचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जमिनीवरून सुटले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते.

गंजलेल्या नटांना तारेच्या ब्रशने घासून आदल्या रात्री डिझेल पाजून ठेवले होते. तरी दोन यू-बोल्ट छन्नीने तोडावे लागले. त्याचे दुःख नाही, कारण यू-बोल्ट पुन्हा वापरायचेच नसतात. एकदा ताणून आवळलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. चाक, शॉकअपचे खालचे टोक, यू-बोल्ट, शॅकल आणि शेवटी पुढची पिन, या क्रमाने खोलत गेलो. मुलीने प्रत्येक टप्प्यावर वहीत आकृती काढली आणि प्रत्येक नट वेगळ्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावली. कचेरीत आम्ही आयुष्यभर हेच करत आलो आहोत. फायलीतला कागद जिथून काढला तिथे परत गेला पाहिजे. कारकुनी अशी उपयोगी पडेल असे वाटले नव्हते.

पाट्यांची पूर्ण जुडी खाली आली तेव्हा दोघांना उचलताना जड गेली. सेंटर बोल्ट मात्र आम्ही सोडला नाही. पाटे एकमेकांवर दाबून बांधलेले असतात. शिकंजात न पकडता बोल्ट काढला तर ते उसळून तोंडावर येतात. आमच्याकडे शिकंजा नव्हता, म्हणून जुडी तशीच टेम्पोत टाकून जालन्याला नेली.

चाचांचा ओटा

जालन्यात पाट्यांचे काम करणाऱ्या एका वयोवृद्ध चाचांकडे आम्हाला कोणी तरी पाठवले. त्यांनी वेल्डिंगचा जोड पाहिला आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, “साहेब, पाट्याला आग लावली की तो पाटा राहत नाही, नुसती पट्टी होते.”

हे वाक्य समजून घेण्यासारखे आहे. आपले जालना पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि बांधकामाच्या सळया निघतात. पण सळईचे पोलाद आणि पाट्याचे पोलाद यांत फरक आहे. सळईत कार्बन कमी ठेवतात, साधारण पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे ती वाकवता येते आणि वाकलेली तशीच राहते. पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून अधिक आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असते. शिवाय ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला ‘पाणी’ दिलेले असते. म्हणून ते वाकते आणि परत येते. वेल्डिंगच्या ज्वाळेने जोडाजवळचे ते पाणी उतरते. कुठे पोलाद काचेसारखे ठिसूळ होते, कुठे मऊ पडते. दिसायला जोड मजबूत दिसतो, तुटते ते त्याच्या शेजारी. आमचा पाटा नेमका तिथेच तुटला होता.

चाचांनी जुडी शिकंजात धरून उघडली. पाट्यांमध्ये गंजाचे पापुद्रे आणि काळी माती घट्ट बसली होती. ते म्हणाले, “हे एकमेकावर सरकायला पायजेत. गंजानं सगळे मिळून एकच जाड पाटा झाला. मग माणसाला धक्का बसणार नाही तर काय?” तुटलेला तिसरा पाटा त्यांनी नवा घातला. बाकीच्यांची बसलेली कमान परत आणली. डाव्या बाजूची चांगली जुडीही आम्हाला आणायला सांगितली होती. तिची रेघ त्यांनी खडूने जमिनीवर काढली. मग उजवीकडचा एकेक पाटा दोन ठोकळ्यांवर ठेवून, न तापवता, घणाने ठोकत त्या रेघेवर आणला. ठोका कुठे पडावा आणि किती, हे ते आवाजावरून ठरवत होते. एका ठोक्यात अधिक वाकले तर उलटे ठोकावे लागते, म्हणून घाई नाही.

आम्ही विचारले, एखादा पाटा जास्तीचा टाकला तर? ते हसले. काळी-पिवळी चालवणारे पूर्वी असाच जास्तीचा पाटा टाकून घेत. माणसे कोंबून भरली की ते चालून जाते, पण रिकाम्या गाडीला तीच कमान दगडासारखी होते. “तुमच्या गाडीत एक म्हातारी बसणार. तिच्या वजनाला वाकंल असा पाटा पायजे,” ते म्हणाले. आईचा विषय आम्ही बोलता बोलता एकदाच काढला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला होता.

तिसरा रविवार आणि आमची चूक

जोडणी खोलण्याच्या उलट क्रमाने करायची, असे सर्व सांगतात. ते खरे आहे, पण पुरे नाही. पाट्यांना मध्ये ग्रीस लावले. नवे बुश साबणाच्या पाण्याने ओले करून डोळ्यांत दाबले. तेल-ग्रीस रबराला खाते, म्हणून तिथे साबण. सेंटर बोल्टचे डोके खाचेत नीट बसले की नाही हे बोटाने चाचपले. नवे यू-बोल्ट एक नट पुढे, एक नट मागे असे आलटून पालटून आवळले. दोन्ही शॉकअप नवे घातले. गाडी खाली उतरवली, सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत दोन्हीकडे मोजले. आधी उजवीकडे चार सेंटिमीटर कमी भरत होते. आता फरक एका बोटाच्या नखाएवढा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही मनातल्या मनात स्वतःला मिस्त्री म्हणवून घेतले.

आठवड्यातच मागून कुईकुई आवाज येऊ लागला. वाकून पाहिले तर नव्या बुशांचे रबर पिळवटून कडेला फाटू लागले होते. बुश खराब निघाले असे समजून आम्ही ते घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “बोल्ट कधी आवळले? चाक लटकत होतं तेव्हा की गाडी जमिनीवर आल्यावर?”

चूक आमची होती. गाडी घोडीवर असताना पाटे खाली लोंबलेले असतात. तेव्हा बुशचा बोल्ट पूर्ण आवळला की रबर त्या स्थितीत जखडते. मग गाडी जमिनीवर आली की कमान वर येते आणि रबराला सदासर्वकाळ पीळ बसतो. म्हणून ते बोल्ट हलकेच धरून ठेवायचे, चाके जमिनीवर टेकवून गाडीचे पूर्ण वजन पाट्यांवर येऊ द्यायचे, दोन-चार वेळा गाडी हलवायची आणि मगच आवळायचे. नवे बुश आणून पुढच्या रविवारी सकाळी ते काम पुन्हा केले. शीर्षकात तीन रविवार लिहिले आहेत, प्रामाणिकपणे धरले तर साडेतीन झाले. दोनेकशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घेतले. तेही विसरू नये.

हिशेबाची वही

कारकुनाला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एक पाटा, बुशांचे दोन संच (एक आमच्या चुकीचा), यू-बोल्ट, शॉकअपची जोडी, घोड्यांचे आणि टेम्पोचे भाडे, चाचांची मजुरी, असे सगळे मिळून मागितलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडे अधिक लागले. वरवर पाहता बचत झाली. पण दुसऱ्या बाजूला आमचे रविवार, ठेचलेला अंगठा आणि अंगणात रुतलेला तो जॅक आहे. त्या जॅकची किंमत कोणत्याही खात्यात मांडता येत नाही.

खरी जमा वेगळीच आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला कष्टाची कामे जातीने वाटून दिली होती, नाकारायची सोय नव्हती. शिक्षणाने आम्हाला खुर्ची दिली आणि खुर्चीबरोबर एक खोडही लागली : काळे हात पाहून नाक मुरडण्याची. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनाच्या प्रबंधात बाबासाहेबांनी कामांची वाटणी आणि काम करणाऱ्यांची उतरंड यांतला भेद दाखवला, हे आम्ही भाषणांत अनेकदा सांगितले. चाचांच्या ओट्यावर बसल्यावर तो नव्याने कळला. वेल्डिंग करून पैसे घेणाराही मिस्त्री आणि आग लावायला नकार देणाराही मिस्त्री. मजुरी द्यायची ती कशाची, हे आता आम्हाला ठाऊक आहे. तेव्हापासून आम्ही चाचांशी घासाघीस करीत नाही.

ज्यांना हे काम घरी करावेसे वाटते त्यांना दोन शब्द. कमानपाट्याची खोल-जोड, बुश आणि शॉकअप ही कामे काळजीपूर्वक करता येतात. पण ज्या गाड्यांना पुढे गोल स्प्रिंग असते, तिथे घरी हात घालू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. ब्रेक, स्टिअरिंग आणि पाट्याला कमान देणे हे जाणकाराकडेच न्यावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्याने तिचे पाटे वर्षातून एकदा तरी, पावसाळा संपल्यावर, वाकून पाहावेत. आणि घरात मुलगी असेल तर तिच्या हातात पाना जरूर द्यावा. आमच्याकडे ती नसती तर आज हा लेख लिहिण्याच्या मनःस्थितीत आम्ही नसतो.

जोडणीनंतरच्या पहिल्या मंगळवारी आईला जालन्याहून परत आणत होतो. सवयीने आम्ही म्हणालो, “आई, खड्डा येतोय.” उत्तर आले नाही. वळून पाहिले तर ती खिडकीला डोके टेकून झोपली होती. गावरस्ता लागला होता. गाडीचा वेग आणखी कमी केला आणि तिला उठवले नाही.